येताना गाडी रिकामी

पिकअपचं दार उघडेना.

नाशिकमध्ये, सातपूरला आमच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्या सोडून ही पिकअप उभी असायची. मोबाईलवर ॲप उघडायचं, 'अनलॉक' दाबायचं, की दार टक्कन उघडायचं. त्या दिवशी सकाळी साडेआठला मी तीनदा दाबलं. चौथ्यांदा स्क्रीनवर एक ओळ आली: 'आपले खाते तात्पुरते थांबवण्यात आले आहे.'

माझ्याशेजारी वसंतमामा उभे होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. पिकअप तेच चालवायचे.

"काय म्हणतंय?"

"खातं बंद केलंय म्हणतंय, मामा."

"कुणाचं?"

"आपलं."

"आपण काय केलं?"

मला उत्तर माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. त्यामुळे आम्ही दोघंही थोडा वेळ पिकअपच्या टायरकडे बघत राहिलो.

आमची कंपनी वजनकाटे दुरुस्त करते. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यापासून भुईकाट्यापर्यंत. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा काटा, ज्याच्यावर अख्खा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चढतो. हे काटे दरवर्षी सरकारी निरीक्षकासमोर तपासून त्यांच्यावर शिक्का घ्यावा लागतो. शिक्का नसलेल्या काट्यावर माल मोजता येत नाही. आणि काटा तपासायला वजनं लागतात. आमच्याकडे वीस किलोची पन्नास प्रमाणित वजनं आहेत. म्हणजे एक टन लोखंड. ते बॅगेत घालून बसने नेता येत नाही.

त्या दिवशी ती पन्नास वजनं वर्कशॉपच्या दारात रांगेत मांडून ठेवलेली होती. सायखेड्याच्या एका शेतकरी गटाच्या भुईकाट्याची तपासणी होती. निरीक्षक मॅडम साडेबाराला पोचणार होत्या. दुसऱ्या दिवसापासून गटाची टोमॅटोची खरेदी सुरू होणार होती. आज शिक्का बसला नाही, तर पुढची तारीख पंधरा दिवसांनी. तोवर शेतात पिकलेला टोमॅटो काही थांबणार नव्हता.

आणि सायखेडा माझं गाव. त्या गटाचे अध्यक्ष बोरस्तेनाना मला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. हे काम आमच्या कंपनीला मिळालं तेव्हा नानांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुद्दाम सांगितलं होतं, "तुझ्या पोरीच्या भरवशावर दिलंय."

ही पिकअप निवडली कोणी? मीच.

ते कसं झालं ते सांगते.

पूर्वी कंपनीची स्वतःची पिकअप होती. ती म्हातारी झाली आणि विकली. नवी घ्यायची का, असा प्रश्न आला तेव्हा देवरे सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला बोलावलं. मी तिथे ऑफिसचं सगळं बघते. बिलं, तारखा, कागदपत्रं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणी एखादं काम सांगितलं, की मी ते परीक्षेसारखं करते. ही सवय चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"ज्योती, आपल्याला महिन्यातून किती दिवस पिकअप लागते, बघ जरा," सर म्हणाले.

मी जुनी लॉगबुकं काढली. पिकअप महिन्यातून पंचवीस-सव्वीस दिवस बाहेर जायची. आकडा ऐकून सर म्हणाले, "बघ, म्हणजे नवीनच घ्यावी लागणार." पण मी प्रत्येक ओळ वाचली होती. वजनं घेऊन ती जेमतेम पाच-सहा दिवस जायची. बाकीचे दिवस सरांच्या साडूंचा फ्रिज. शेजारच्या युनिटची मशीन. सोसायटीच्या गणपतीचे पत्रे. वसंतमामांच्या भाचीचं रुखवत. एका नोंदीत नुसतंच 'कपाट' लिहिलेलं होतं. कोणाचं, कुठून, कुठे, काही नाही.

"तुमच्याकडे पिकअप आहे ना?" हा प्रश्न आपल्याकडे ज्याला विचारला जातो, त्याची पिकअप त्याची राहत नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, आपल्याला पिकअप कधीमधीच लागते. नातेवाइकांना रोज लागते."

सर हसले. "मग भाड्याची बघ. निवड तुझी, जबाबदारी तुझी."

मी तीन सर्व्हिस बघितल्या. नावं सांगत नाही. तिन्ही आपापल्या जागी ठीक होत्या.

पहिली सर्व्हिस म्हणजे लोकांच्या स्वतःच्या गाड्या तासावर चालवायला देणारं ॲप. 'पिकअप' असं शोधल्यावर पूर्ण नाशिकमध्ये एकच गाडी दिसली. उंच, काळीभोर, पुढे चार दारं आणि मागे छोटासा हौदा. फोटोत तिच्यासमोर एक मुलगा गॉगल लावून उभा होता. मी मालकांना फोन लावला.

"सामान काय आहे?" त्यांनी विचारलं.

"एक टन लोखंडी वजनं."

"मॅडम, ती फिरायची गाडी आहे. तुम्ही सुला-बिलाकडे... म्हणजे द्राक्षमळे बघायला वगैरे न्या ना."

शिवाय फोटोत तिची नंबर प्लेट पांढरी होती. हे वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे धंद्याची, ड्रायव्हरसकट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी आधी पाटीचा रंग विचारते. मी मालकांचे आभार मानले आणि फोन ठेवला.

दुसरी सर्व्हिस म्हणजे माल पोचवून देणारं ॲप. ड्रायव्हरसकट टेम्पो येतो. शहरात उत्तम. पण आमच्या कामात गाडी तीन-तीन तास जागेवर उभी राहते, आणि ती वजनं परत आणायची असतात. एका ड्रायव्हरदादांनी मला स्पष्टच सांगितलं, "मॅडम, सोडून लगेच निघायचं असेल तर बोला. तुमचा काटा खरा होईपर्यंत मी काय करू तिथं?"

तिसरी सर्व्हिस म्हणजे ही. वाटून वापरायच्या पिकअप. सातपूर, अंबड आणि नाशिक रोडला ठरलेल्या जागी उभ्या असतात. मेंबर सगळे छोटे धंदेवाले. लागेल तेव्हा बुक करायची, मोबाईलने उघडायची, काम करायचं, जागेवर आणून लावायची. पाटी काळी, अक्षरं पिवळी. नियम अकरा पानांचे. मी अकराच्या अकरा पानं वाचली. मग तिन्ही सर्व्हिसचा एक तक्ता केला आणि सरांसमोर ठेवला. त्यातही अकरा कॉलम होते. दर, अंतर, विमा, वजनाची मर्यादा, रद्द केल्यास काय, पंक्चर झाल्यास काय.

सर तक्त्याकडे बघतच राहिले.

"काय गं, गाडी निवडतेस का जावई? आमच्या वेळी तीन गोष्टी बघून लग्नं ठरायची."

"सर, तिसरी घ्यावी असं माझं मत आहे."

"घे बाई. एवढं तर मी लग्नाआधी वाचलं नव्हतं."

पहिल्या चार खेपा छान झाल्या. मी मनातून खूश होते. मामांना तर दार टक्कन उघडण्याचं एवढं कौतुक, की ते उगाचच दोनदा उघडबंद करायचे.

पाचव्या खेपेला मामा सिन्नरकडे एका गोडाऊनचा काटा तपासायला गेले. काम संपल्यावर त्यांचा ऑफिसात फोन आला. सर माझ्या समोरच बसलेले होते. त्यांनी फोन स्पीकरवर घेतला आणि विचारलं, "मामा, येताना गाडी रिकामीच आहे का?"

आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे धोक्याची घंटा. गावाकडून रिकामी गाडी परत येणं लोकांना सहन होत नाही. जणू भरल्या घरातून कोणी उपाशी निघालं.

"वजनं सोडली तर रिकामीच हाय साहेब."

"मग तिथे चांगलं कुजलेलं शेणखत मिळतं बघा. चार गोण्या टाका. गुलाबांना पाहिजेच होतं."

सरांच्या बंगल्यात बावीस गुलाब आहेत. मी हळूच म्हणाले, "सर, नियमात असं आहे, की बुकिंगमध्ये लिहिलेल्या सामानाशिवाय..."

"अगं, गोणीत आहे. शेण काय उडी मारून बाहेर येणार आहे का?"

मी गप्प बसले. इथे मी चुकले. नियम मला पाठ होता. पण मालकांना दुसऱ्यांदा तोच नियम सांगायचं धाडस मला झालं नाही. शाळेत आम्हाला उत्तर बरोबर द्यायला शिकवलं होतं. ते दोनदा द्यायला शिकवलं नव्हतं.

एक गोणी खालून फाटलेली होती. मामांनी परत आल्यावर हौद्यात पाणी मारलं. पण पिकअपच्या हौद्याला पन्हाळीसारख्या खाचा असतात. वरवर पाणी मारलं, की जे असतं ते खाचेत जाऊन बसतं. आमच्यानंतर जिने गाडी घेतली, तिच्या मालाला ते सगळं लागलं. तिने फोटोसकट तक्रार केली. तिची तक्रार आणि आमचं बुकिंग अशी एकाच सकाळी समोरासमोर आली.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी चांगली होती, पण ठाम होती.

"मॅडम, एका कंपनीला एकच खातं असतं. ते बंद म्हणजे आमची कुठलीच गाडी उघडणार नाही. चौकशीला दोन दिवस लागतील."

"आज साडेबाराला सरकारी तपासणी आहे हो."

"मग एकच मार्ग आहे. ज्यांनी तक्रार केली, त्यांनी ॲपवर 'मिटलं' असं लिहिलं, तर खातं लगेच चालू होतं."

"त्यांचा नंबर द्याल?"

"नाही देता येत. नियम आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "फोटो बघा, मॅडम. तुम्हाला आलेत ते."

मी फोटो उघडला. खुर्चीचं पांढरंशुभ्र सॅटिनचं कव्हर. त्याच्यावर पंजाएवढा तपकिरी डाग. आणि कव्हरच्या कोपऱ्यात शिवलेलं एका मंडप डेकोरेशनचं नाव.

मामांनी फोटो बघून डोक्याला हात लावला. "ही तर अशोकनगरची सुरेखाताई. माझ्या भाचीच्या लग्नाचा मंडप हिचाच होता. ताई माणूस चांगली हाय. पण बोलली की सोलून काढते."

वाटेतच मी सरांना फोन केला. आता मलाही दुसऱ्यांदा बोलणं भाग होतं.

"शेणखत?" सर म्हणाले.

"हो, सर."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, सर."

"मग जोरात सांगायचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अशोकनगर जवळच आहे. रिक्षाने दहा मिनिटांत पोचलो. सुरेखाताई गोडाऊनच्या दारात खुर्च्या मोजून घेत होत्या. चाळिशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. मी माझं आणि कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"या, या. शेणवाल्या मॅडम का?"

"ताई, सॉरी. खरंच चूक आमची आहे."

"सॉरीनं डाग जातात का? सेहेचाळीस कव्हरं होती. मुलीकडचे पाहुणे येऊन बसले आणि एकमेकांकडे बघायला लागले. नवरीचा मामा मला विचारतो, ताई, हा वास जेवणाचा की खुर्च्यांचा? काय सांगू मी त्याला?"

मी खाली मान घातली. मामा खांबामागे सरकले.

"आणि तुम्ही कशाला लपताय, गांगुर्डेमामा? तुमच्या भाचीच्या लग्नात मी असा वास दिला होता का?"

"नाय ताई, अत्तर मारलं व्हतं तुम्ही," मामा खांबामागूनच म्हणाले.

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मी सगळं सांगितलं. सायखेडा, शिक्का, उद्याचा टोमॅटो. काहीही लपवलं नाही. शेणखत कोणाचं होतं, एवढं मात्र सांगितलं नाही. 'आमचं' एवढंच म्हणाले.

ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझा स्वतःचा टेम्पो होता, माहिताय? गल्लीनं वापरला तो. याचा पलंग, त्याची वाळू. म्हणून विकला आणि या ॲपमध्ये आले. म्हटलं, इथे तरी जो तो आपापला माल नेईल. तर तुम्ही इथेही गल्ली आणली."

त्यांनी मोबाईल काढला.

"आज चारला तीच गाडी मी बुक केलीय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी गंगापूर रोडला साखरपुडा आहे. 'मिटलं' लिहिते मी. पण चारला गाडी जागेवर पाहिजे. धुतलेली. मी हौद्यात चढून वास घेणार. आला वास, तर मिटलेलं परत उघडेन. कबूल?"

"कबूल."

त्यांनी तिथेच ॲप उघडून लिहिलं. माझ्या मोबाईलवर मेसेज आला: 'आपले खाते पुन्हा सुरू झाले आहे.' साडेनऊ वाजले होते.

पन्नास वजनं चढवायला वेळ लागतो. वजन ओढायचं नसतं आणि आपटायचंही नसतं. लोखंडाचा कोपरा उडाला, की वीस किलोचं वजन वीस किलोचं राहत नाही, आणि मग खोट्या वजनाने खरा काटाही खोटा ठरतो. मामांनी हौद्यात स्वच्छ बारदान अंथरलं, वर्कशॉपमधल्या दोघांनी एकेक वजन हातावर देत चढवलं, आणि पावणेअकराला आम्ही निघालो. द्वारका चौकात नेहमीसारखं ट्रॅफिकमध्ये अडकलो. सायखेड्याला पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. निरीक्षक मॅडम अजून आलेल्या नव्हत्या.

काट्याजवळ बोरस्तेनाना, गटाची चार माणसं आणि एका बाजूला आप्पा उभे होते. आप्पांनी आयुष्यभर मार्केटमध्ये हमाली केली. त्याच्यावरच मी शिकले. आता गुडघे दुखतात म्हणून सोडलीय. पण गाडीतून माल उतरताना ते नुसते उभे राहू शकत नाहीत. कोणीतरी वजन धाडकन खाली ठेवलं, तसे ते ओरडले.

"आपटू नको रं! बटाट्याची गोणी हाय का ती? गुडघ्यात वाक, मंग ठेव."

निरीक्षक मॅडम आल्या. तपासणी सुरू झाली. पद्धत सोपी आहे. तेच एक टन वजन काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये फिरवून ठेवायचं. सगळीकडे तोच आकडा आला पाहिजे. तीन कोपरे बरोबर आले. चौथ्यावर दहा किलो कमी.

नानांचा चेहरा पडला. मामांनी बॅटरी घेतली, पोटावर झोपून काट्याच्या खाली बघितलं आणि लोखंडी सळईने काहीतरी उकरलं. काट्याची लोखंडी पाटी आणि खड्ड्याची भिंत यांच्यामध्ये एक दगड अडकलेला होता. वजन पडलं की पाटी त्याच्यावर टेकायची. दगड निघाला. आकडा बरोबर आला. मग मोठ्या वजनासाठी भरलेला ट्रॅक्टर चढवून बघितला. तोही बरोबर. मॅडमनी शिक्का मारला, सही केली, आणि चहा नको म्हणून निघून गेल्या. दीड वाजून गेला होता.

वजनं परत चढवून झाली. मी मोबाईलवर वेळ बघत होते. आणि मागून नानांचा आवाज आला.

"चढवा रे ती फ्लॉवरची कॅरेटं."

मी वळून बघितलं. दहा-बारा कॅरेट तयार होते.

"नाना, नको. गाडीत काही घेता येणार नाही."

"अगं, रिकामी गाडी गावातनं जाती का कधी? बरं दिसत नाय. तुझ्या साहेबांना दे दोन, मामांना दोन, बाकी वाट."

"नाना, गाडी आमची नाही. वाटून वापरायची आहे. चारला दुसऱ्या बाईंची पाळी आहे."

"मंग त्यांना बी दे दोन!"

सगळे हसले. मलाही हसू आलं. तेवढ्यात आप्पा पुढे आले. त्यांच्या खांद्यावर अर्धी गोणी गहू होता आणि हातात मेथीच्या दोन जुड्या.

"हे ठिव. तुझ्या आईनं निवडून दिलंय. तिकडचं पीठ तुला मानवत नाय."

मी नाशिक रोडला खोली घेऊन राहते. तो गहू माझ्यासाठी होता. आप्पा तो दुखऱ्या गुडघ्यांनी घरून काट्यापर्यंत घेऊन आले होते. आणि सगळं गाव बघत होतं.

"आप्पा, नाही घेता येणार."

"गहू हाय पोरी, शेण नाय." मामांनी त्यांना सगळी गोष्ट सांगून टाकलेली होती.

"माहिताय, आप्पा. पण येताना फक्त वजनं आणीन असं लिहून दिलंय मी. सकाळी एकीच्या पाया पडून गाडी सोडवलीय. तुमचं पोतं घेतलं, की नानांच्या कॅरेटला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

मला वाटलं, आता संपलं. एवढं शिकवून पोरगी बापाचा गहू नाकारते, असं गावात चार दिवस चालणार.

पण आप्पांनी गोणी परत नीट खांद्यावर घेतली आणि नानांकडे वळले.

"नाना, तिचं खरं हाय. आमच्या हमालांच्या टोळीत बी हेच व्हतं. पावतीवर ज्याचा माल, त्येचाच चढवायचा. एकाचं फुकट पोतं चढवलं की धा जणं हात दाखवत्यात, आणि नाव टोळीचं खराब व्हतं. घ्या तुमची फ्लॉवर माघारी."

नानांनी कॅरेट उचलायला सांगितले. "बाप हमाल, लेक त्याच्याहून कडक," ते म्हणाले. ते कौतुक होतं, असं मी धरून चालते.

आप्पांनी मेथीची एक जुडी माझ्या पर्समध्ये कोंबली. "ही पर्समधी हाय. गाडीत नाय."

याच्यावर नियम काय म्हणतो, ते मला अकरा पानांत सापडलेलं नाही.

साडेतीनला सातपूरला पोचलो. वजनं उतरवली. मी पाण्याचा पाइप लावला. मामांनी सळई घेऊन हौद्याची एकेक खाच उकरायला घेतली. आणि ऑफिसमधून देवरे सर आले. पँट दुमडलेली, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फिनाइलचा डबा. ते थेट हौद्यात चढले आणि घासायला लागले. वीस मिनिटं घासत होते. वर्कशॉपमधली सगळी माणसं काम सोडून बघत होती. सर मध्येच म्हणाले, "काय बघताय? गुलाब माझे आहेत."

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी जागेवर लागली. सुरेखाताई तिथे उभ्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, हौद्यात चढल्या, चारही कोपऱ्यांत वाकून वास घेतला. अगदी आमच्या काट्याच्या तपासणीसारखं. मग खाली उतरल्या.

"फिनाइल जरा जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

रात्री ॲपवर त्यांचा शेरा दिसला. पाचपैकी चार तारे. खाली लिहिलं होतं, 'पाच मिनिटे उशीर.' मी तो शेरा फोनवर आप्पांना वाचून दाखवला.

ती सर्व्हिस आम्ही आजही वापरतो. सरांच्या गुलाबांचं खत आता दुकानातून बंद पुड्यात येतं. सुरेखाताईंची कव्हरं कंपनीने ड्रायक्लीन करून दिली, आणि त्यांच्या गोडाऊनमधला जुना काटा मामा एका रविवारी जाऊन दुरुस्त करून आले. माझ्या तक्त्यात मी बारावा कॉलम वाढवला: 'येताना आपली माणसं काय काय भरतात?' खरं तर तो पहिला हवा होता. वाटून वापरायची गाडी निवडताना आपण तिचे दर, विमा, टायर सगळं तपासतो. ती आपल्याला तपासत असते, याचा कॉलम कोणीच करत नाही. आणि मालकांना नियम सांगायचा असेल, तर दोनदा सांगावा. दुसऱ्यांदा जोरात.

राहिला गहू.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझं दार वाजलं. उघडलं तर आप्पा. घामाने भिजलेले, आणि पायाशी तीच अर्धी गोणी. सायखेड्याहून एसटीने आले होते. स्टँडपासून माझ्या खोलीपर्यंत गोणी कशी आणली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी गोणीवर थाप मारली आणि विचारलं,

"एसटीला तारे द्यावे लागत नाय ना?"